बोटभर वायरीतला दुभाष्या

मागच्या दिवाळीत भाची राहायला आली होती. ती गाणं शिकते. तिच्या गुरुजींनी जुन्या कॅसेटवरच्या तालमी संगणकात उतरवून तिला दिल्या होत्या. रात्री निजानीज झाल्यावर माझ्या लॅपटॉपला हेडफोन लावून ती त्या ऐकत बसली आणि दहा मिनिटांत बाहेर आली. म्हणाली, "मामा, तुझ्या लॅपटॉपमध्ये रातकिडा आहे. माउस हलवला की ओरडतो."

मी हेडफोन कानाला लावला. खरंच होतं. तंबोऱ्याच्या मागे एक बारीक चिर्र येत होती. माउस हलला की चिर्र, पान वर सरकवलं की चिर्र, हात थांबला की गप्प. "मग फोनवर ऐक," म्हटलं, तर तिच्या नव्या फोनला हेडफोनचं भोकच नव्हतं. मैत्रिणीकडून आणलेला एक छोटा अडॅप्टर तिच्याकडे होता. एका टोकाला यूएसबी-सी पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं गोल सॉकेट आणि मध्ये बोटभर वायर. मैत्रिणीच्या फोनवर तो उत्तम वाजायचा. हिच्या फोनला जोडला, तर गाणं आपलं फोनच्या स्पीकरमधूनच वाजत राहिलं.

माझ्या खणात तसाच एक अडॅप्टर पडला होता. पांढरा, तेवढाच लांब, शेजारी ठेवला तर जुळा भाऊ वाटावा असा. तो जोडला आणि फोन वाजायला लागला. मग सहज तोच लॅपटॉपला जोडून पाहिला, तर रातकिडा गायब.

दिसायला सारख्या दोन वायरी. एक मुकी, दुसरी बोलकी. आणि हजार रुपयांच्या आतली ही वस्तू पन्नास हजारांच्या लॅपटॉपपेक्षा स्वच्छ आवाज कशी काय देते? या दोन्ही कोड्यांचं उत्तर एकाच जागी सापडतं. त्यासाठी त्या वायरीच्या पोटात काय आहे, ते पाहायला हवं.

भोक गेलं कुठे?

हेडफोनच्या गोल पिनेचं घराणं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर एका ग्राहकाची तार दुसऱ्याला जोडायचे, ते पाव इंच जाडीच्या पिना सॉकेटमध्ये खुपसून. ती जाड पिन आजही गिटारला आणि साउंड सिस्टीमवाल्यांच्या मिक्सरला दिसते. तिचं धाकटं भावंड म्हणजे ३.५ मिलिमीटरची पिन. ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर ती घराघरांत गेली, १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनबरोबर लोकांच्या कमरेला लटकली आणि पुढे जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये जाऊन बसली.

२०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हे सॉकेट काढून टाकलं. फोनच्या आत जागा हवी होती. बॅटरी, कॅमेरे आणि कंपनयंत्र दाटीवाटीने बसवताना ही खोल नळी अडचणीची ठरत होती. आधी इतर कंपन्यांनी टिंगल केली, मग एकेकीने तेच केलं. सॅमसंगच्या महागड्या फोनमधून ते २०१९ च्या सुमारास गेलं. ब्लूटूथ इयरफोनचा बाजार फुगला आणि ज्यांच्याकडे चांगले वायरवाले हेडफोन होते, त्यांच्या हातात ही बोटभर शेपटी आली.

भोक गेलं, पण त्या भोकामागे फोनच्या आत एक यंत्रणाही बसलेली असायची. ती कुठे गेली, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. अडॅप्टरची सगळी गोष्ट तिथेच सुरू होते.

आकड्यांची रांगोळी

फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी असते. हेडफोनला मात्र आकडे कळत नाहीत. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो. वायरीतून येणारी वीज कमी-जास्त होते तसा तो पडदा पुढे-मागे हलतो, हवा हलते आणि आपल्याला सूर ऐकू येतो. म्हणजे एका बाजूला आकड्यांची भाषा, दुसऱ्या बाजूला विजेच्या लाटांची. मध्ये दुभाष्या हवाच. या दुभाष्या चिपला तंत्रज्ञ 'डॅक' म्हणतात. आकडे वाचायचे आणि त्यांच्याबरहुकूम विजेची लाट तयार करायची, एवढंच तिचं काम.

हे भाषांतर कसं होतं? ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठरावीक अंतरावर ठिपके, मग त्यांतून जाणारी गोलाईदार रेघ. ध्वनिमुद्रण करताना आवाजाच्या लाटेची उंची ठरावीक अंतराने मोजून ठेवतात. हे झाले ठिपके. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीत एका सेकंदात असे ४४,१०० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याची उंची सांगायला ६५,५३६ पायऱ्या मिळतात. डॅक ते ठिपके वाचतो आणि त्यांतून रेघ ओढतो.

"मग ठिपक्यांच्या मधलं गाणं हरवलं, नाही का?" भाचीने लगेच विचारलं. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सुखद आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनं असलेले आवाज ऐकू येतात, तेही तरुणपणी. सर्वांत उंच सुराच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त ठिपके घेतले, तर त्या मर्यादेत बसणारी, सगळ्या ठिपक्यांतून जाणारी रेघ एकच असते. दुसरी काढताच येत नाही. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये या विचाराचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. वीस हजारांची दुप्पट चाळीस हजार. सीडीचे ४४,१०० ठिपके त्याहून थोडे जास्तच आहेत. रांगोळी काढणारीचा हात सफाईचा असेल, तर मूळ लाट जशीच्या तशी परत मिळते. तिला जिन्यासारख्या पायऱ्या राहत नाहीत.

या लाटेत पडदा हलवण्याएवढा जोर मात्र नसतो. म्हणून दुभाष्याच्या पाठीमागे एक हमाल उभा असतो, तो म्हणजे छोटासा ॲम्प्लिफायर. जुन्या फोनमध्ये दुभाष्या आणि हमाल दोघंही त्या गोल सॉकेटच्या मागे राहायचे. सॉकेट गेल्यावर त्यांना नवा पत्ता शोधावा लागला.

जुळ्या वायरी, वेगळी पोटं

हा पत्ता दोन प्रकारचा असतो आणि भाचीच्या मुक्या अडॅप्टरचं रहस्य त्यातच आहे.

पहिल्या प्रकारात दुभाष्या फोनमध्येच राहतो. फोन स्वतःच आकड्यांची लाट करतो आणि ती यूएसबी-सीच्या काही पट्ट्यांवरून बाहेर सोडतो. या सॉकेटमध्ये २४ बारीक पट्ट्या असतात. एरवी ज्या दोन पट्ट्यांवरून फोटो आणि फायली ये-जा करतात, त्यांवरूनच डाव्या-उजव्या कानाचा आवाज जातो. अडॅप्टरचं काम फक्त या पट्ट्या गोल सॉकेटला जोडून देण्याचं. म्हणजे ती निव्वळ वायर असते, आत यंत्र काही नाही. अशा अडॅप्टरला 'पॅसिव्ह' म्हणतात. आपण त्याला 'साधी वायर' म्हणू.

दुसऱ्या प्रकारात फोन आकडे बाहेर पाठवतो आणि दुभाष्या अडॅप्टरच्या पोटात असतो. पिनेच्या प्लॅस्टिकमध्ये तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी चिप बसवलेली असते. तिच्यात यूएसबीवरून आकडे घेणारा भाग, डॅक, ॲम्प्लिफायर आणि माइकचा आवाज उलट आकड्यांत बदलणारा भाग, असं चौघांचं कुटुंब नांदतं. हा 'ॲक्टिव्ह' म्हणजे 'चिपवाला' अडॅप्टर. ॲपलच्या जुन्या लायटनिंग पिनेचा अडॅप्टरही चिपवालाच होता, कारण त्या सॉकेटमधून आवाजाची लाट बाहेर येतच नसे, फक्त आकडे येत.

साधी वायर चालायला फोनमध्ये तशी खास सोय लागते. काही कंपन्यांनी ती दिली, अनेकांनी दिली नाही. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या आणि गूगलच्या पिक्सेल फोनना चिपवालाच अडॅप्टर लागतो. मैत्रिणीच्या फोनमध्ये ती सोय होती, भाचीच्या फोनमध्ये नव्हती. त्यामुळे वायर जोडल्याचं फोनला उमगलंच नाही आणि गाणं स्पीकरमधून चालू राहिलं. अडॅप्टर बिघडलेला नव्हता. हेडफोनसाठीचा दुभाष्या दोन्हीकडे नव्हता, इतकंच.

बाहेरून दोन्ही वायरी सारख्याच दिसतात. त्या ओळखायची एक सोपी युक्ती आहे. अडॅप्टर संगणकाला जोडा आणि आवाजाच्या उपकरणांची यादी उघडा. यादीत नवं नाव उमटलं, तर अडॅप्टर चिपवाला. काहीच उमटलं नाही, तर ती बहुधा साधी वायर आहे. चिप असली की ती संगणकाला "मी आवाजाचं उपकरण आहे" अशी ओळख सांगते. ही ओळख सांगण्याची रीत सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठरलेली असल्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड कुठेही वेगळं सॉफ्टवेअर घालावं लागत नाही.

कार्यालयातला तंबोरा

आता रातकिड्याकडे येऊ.

मंगल कार्यालय आहे. पंगत बसली आहे, वाढपी धावताहेत, पोरं खांबांभोवती शिवाशिवी खेळताहेत. त्या गोंगाटात मागच्या कोपऱ्यात एक जण तंबोरा जुळवतोय. लॅपटॉपमधल्या डॅकची अवस्था नेमकी अशी असते.

लॅपटॉपचा प्रोसेसर वीज एकसारखी पीत नाही, घोटाघोटाने पितो. काम नसलं की तो डुलकी घेतो. माउस हलला, की दचकून जागा होतो, विजेचा मोठा घोट घेतो आणि पुन्हा पेंगतो. या प्रत्येक घोटाबरोबर आतल्या विजेच्या वाटा किंचित थरथरतात. सगळ्या भागांची परतीची वाट, जिला 'ग्राउंड' म्हणतात, ती सामाईक असते. एकाच पाटावर बसलेल्या दोघांपैकी एक हलला तर दुसऱ्याचं ताट हलतं, तसं डॅकमधून निघालेल्या नाजूक लाटेवर ती थरथर चढते. हळू वाजणाऱ्या तंबोऱ्याची लाट काही हजारांश व्होल्टचीच असते. तिच्याशेजारी इवलीशी थरथरही कानाला टोचते. मिक्सर सुरू झाला की जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या, त्यातलाच हा प्रकार. सगळ्याच लॅपटॉपचं असं नसतं. काहींमध्ये डॅकसाठी वेगळी, शांत वाट आखलेली असते. पण ज्यांत काटकसर केलेली असते, त्यांत रातकिडा हमखास सापडतो. घरच्या डेस्कटॉपच्या पुढच्या सॉकेटमध्ये तर तो बऱ्याचदा भेटतो, कारण मागच्या बोर्डापासून तिथपर्यंत आवाजाची वायर सगळ्या गोंगाटातून फिरून येते.

चिपवाला अडॅप्टर काय करतो? तंबोरा उचलून कार्यालयाबाहेरच्या ओसरीवर नेतो. लॅपटॉपमधून बाहेर येतात ते फक्त आकडे. पंगतीतून ओरडून सांगितलेला निरोप गोंगाटात बिघडतो; चिठ्ठीवर लिहून पाठवलेला बिघडत नाही. चिठ्ठीवर आमटीचा शिंतोडा उडाला, तरी सातचा आठ होत नाही. आकडे सहीसलामत ओसरीवर पोचतात आणि त्यांची लाट तिथल्या शांततेत तयार होते.

यावर चोखंदळ वाचक विचारेल, "पण अडॅप्टरलाही वीज त्या लॅपटॉपमधूनच मिळते ना? मग थरथर विजेबरोबर आलीच की!" येते खरी. यूएसबीमधून मिळणारी ५ व्होल्टची वीज स्वच्छ नसतेच. म्हणून चिपमध्ये ती आधी गाळून घेतात. पाणी तेच, पण पिण्याआधी फडक्याने गाळलेलं. गाळणी बरी असली, तर रातकिडा अलीकडेच अडकतो. स्वस्त चिपवाल्या अडॅप्टरमध्येही डावं-उजवं ठरतं ते बरंचसं या गाळणीवर.

एक आवाज मात्र अडॅप्टरने जाईलच असं नाही. लॅपटॉपला चार्जर लावलेला असताना भिंतीच्या प्लगवर चालणारे स्पीकर जोडले, तर कधीकधी जाडसर 'हूं' अशी घरघर येते. लॅपटॉप आणि स्पीकर दोन वेगळ्या वाटांनी घराच्या अर्थिंगला जोडले गेले, की वीज त्या गोल फेऱ्यात फिरते आणि ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते. चार्जर काढल्यावर ती थांबली, तर दोष डॅकचा नाही, त्या फेऱ्याचा आहे.

टाकी, पाइप आणि नळ

दुभाष्याचं झालं. आता हमालाचं, म्हणजे ॲम्प्लिफायरचं. इथे दोन आकडे कामाचे आहेत.

गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब. विजेत या दाबाला व्होल्टेज म्हणतात. हेडफोन म्हणजे नळ. काही नळ मोठे, काही अरुंद. नळ किती अरुंद, हे विजेत 'ओहम' या मापाने सांगतात. साधे इयरफोन बहुधा १६ ते ३२ ओहमचे असतात, स्टुडिओतले काही हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचे.

ॲपलच्या यूएसबी-सी अडॅप्टरचा जास्तीत जास्त दाब साधारण १ व्होल्ट आहे. ३२ ओहमच्या इयरफोनला त्यातून सुमारे ३१ मिलीवॅट शक्ती मिळते, ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३ मिलीवॅट. आता गंमत पाहा. सर्वसाधारण इयरफोन अवघ्या १ मिलीवॅटमध्ये १०० डेसिबलच्या आसपास, म्हणजे कान बधिर होतील एवढा वाजतो. तेव्हा इयरफोनसाठी हा छोटा हमाल गरजेपेक्षा कितीतरी जास्त बलवान आहे. मोठ्या हेडफोनपैकीही बरेचसे तो पेलतो. काही जड हेडफोनांना, विशेषतः 'प्लेनार' प्रकारच्या, मात्र वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या ॲपल अडॅप्टरचा दाब तिथल्या आवाजाच्या नियमांमुळे अर्धाच, म्हणजे ०.५ व्होल्ट ठेवलेला असतो. जर्मनीतल्या चुलतभावाने आणलेला अडॅप्टर हळू वाजत असेल, तर कारण हे असू शकतं.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आणि जास्त दुर्लक्षित आहे. टाकी उंच आहे, पण खाली येणारा पाइप अरुंद आहे असं समजा. एकच नळ थोडासा उघडला तर पाणी बरं येतं. स्वयंपाकघरातला मोठा नळ उघडला, की न्हाणीघरातली धार बारीक होते. ॲम्प्लिफायरमध्येही असा पाइप असतो. त्याच्या अरुंदपणाला 'आउटपुट इम्पिडन्स' म्हणतात.

यात सुरांचं काय बिघडतं? काही इयरफोन सगळ्या सुरांना सारखे वागत नाहीत. खर्जाला ते ३२ ओहमचे असतात, तर मधल्या सुरांना ८ ओहमचे. आता एखाद्या संगणकाच्या सॉकेटचा पाइप ३० ओहमचा आहे असं धरू. खर्जाला दाबाचा ५२ टक्के वाटा मिळेल आणि मधल्या सुरांना फक्त २१ टक्के. गायक मागे गेला आणि तबल्याचा डग्गा पुढे आला. ॲपलच्या अडॅप्टरचा पाइप साधारण १ ओहमचा आहे. त्यात हेच वाटे ९७ आणि ८९ टक्के होतात, म्हणजे फरक जवळजवळ मिटला. "या लॅपटॉपवर आवाज कोंदट येतो," अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचा रोग इथे असतो. अंगठ्याचा नियम असा, की अडॅप्टरचा हा आकडा हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा.

मग दहा हजारांचा घेऊ का?

दुकानात आणि ऑनलाइन दीड-दोनशे रुपयांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंतचे अडॅप्टर दिसतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारली, तरी स्वस्तातले दहा प्रकार हाती येतात. किंमत वाढते तसा आवाज सुधारतो का?

सुधारतो, पण काही अंशीच, आणि ही सुधारणा फार लवकर थांबते. डॅक बनवणं ही आज सुटलेली समस्या आहे. अशा चिपा कोट्यवधींनी बनतात, म्हणून त्या स्वस्त पडतात. ॲपलच्या अडॅप्टरची अमेरिकेतली किंमत ९ डॉलर. हौशी लोकांनी प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर तो मोजला तेव्हा त्याने स्वतःहून मिसळलेली घाण मूळ सुरापेक्षा जवळपास १०० डेसिबल खाली निघाली, म्हणजे लाखात एक. गजबजलेल्या रस्त्यावरचं आपलं घर सोडाच, रात्रीच्या शांत खोलीतही ती ऐकू येणं अवघड. त्यापुढे जास्त पैसे मोजून मिळतो तो बहुधा जास्त दाब, बटणं, दणकट बांधणी आणि देखणी डबी. जड हेडफोन असेल तर दाबाचा उपयोग आहे, एरवी नाही.

खोक्यावर छापलेल्या '३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ' अशा आकड्यांना भुलू नये. सीडीचे ४४,१०० ठिपके आपल्या कानाला पुरतात, हे वर आलंच आहे. रांगोळीत ठिपके दहापट केल्याने मोर दहापट सुंदर होत नाही.

आणखी एक सापळा कानाचा स्वतःचा आहे. दोन अडॅप्टरांपैकी एक दुसऱ्यापेक्षा एखादा डेसिबल मोठा वाजला, तरी कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. खर्ज भरदार वाटतो, गायक समोर बसल्यासारखा वाटतो. म्हणून तुलना करायची तर आवाज आधी सारखा करून घ्यावा आणि अदलाबदल दुसऱ्याला करायला सांगावी, आपण डोळे मिटून बसावं. अनेक 'जमीन-अस्मानाचे फरक' या परीक्षेत विरघळतात.

आणि सगळ्यांत मोठा फरक पाडतो तो हेडफोन. दुभाष्याने कितीही चोख भाषांतर केलं, तरी बोलायचं काम पडद्याचं. खिशात पाच हजार असतील, तर पाचशे-हजार अडॅप्टरवर आणि उरलेले हेडफोनवर, हा हिशेब सहसा चुकत नाही.

ब्लूटूथवाल्यांसाठी दोन शब्द. ब्लूटूथ इयरफोनचा डॅक त्याच्या स्वतःच्या पोटात असतो, त्यामुळे हा अडॅप्टर त्याला उपयोगाचा नाही. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात सेकंदाला १४ लाखांहून जास्त बिट असतात. ब्लूटूथची सर्वांत रुळलेली रीत, एसबीसी, त्यांना दाबून साधारण सव्वातीन लाखांत बसवते. ऐकायला ते पुष्कळदा छान लागतं. पण आवाज थोडा उशिरा पोचतो. तंबोऱ्याचं ॲप लावून, आपलाच आवाज ऐकत रियाज करणाऱ्याला तो उशीर लगेच जाणवतो. वायरीत तो प्रश्न येत नाही.

अडतं कुठे?

अडॅप्टर बरोबर घेऊनही काही वेळा गाडी अडते. नेहमीच्या चार अडचणी सांगतो.

ओप्पो, वनप्लस, रिअलमी अशा काही फोनांत 'ओटीजी' नावाची सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. काही मिनिटं काही जोडलं नाही, तर ती आपोआप बंदही होते. चिपवाला अडॅप्टर मुका राहिला, तर आधी हे बघावं.

ॲपलचा अडॅप्टर बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर हळू वाजतो. त्याच्या चिपमध्ये आवाजाचं स्वतःचं बटण असतं आणि अँड्रॉइड ते पूर्ण वर नेत नाही. यूएसबी आवाज थेट हाताळणारी काही संगीत ॲप ते वर नेऊ शकतात. त्यांच्या नादी लागायचं नसेल, तर अँड्रॉइडसाठी दुसऱ्या कंपनीचा चिपवाला अडॅप्टर बरा.

तिसरी अडचण चमत्कारिक आहे. गाण्यातला गायकच गायब होतो, विहिरीतून यावा तसा पोकळ वाद्यमेळ उरतो आणि इयरफोनवरचं बटण दाबून धरलं की गायक परत येतो! माइकवाल्या इयरफोनच्या पिनेवर चार पट्टे असतात: डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक. शेवटच्या दोघांचा क्रम जुन्या काही इयरफोनांत उलटा आहे. ग्राउंडची वाट तुटली, की दोन्ही कानांत फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. बटण दाबलं की माइक आणि ग्राउंड जोडले जातात, आणि वाट पुन्हा सापडते. अडॅप्टर नवा असेल आणि इयरफोन फार जुना, तर हे घडू शकतं.

चौथी डेस्कटॉपची. त्याच्या मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन सॉकेटं असतात, ऐकायला वेगळं आणि बोलायला वेगळं. चार पट्ट्यांचा इयरफोन हिरव्यात घातला तर ऐकू येतं, पण ऑनलाइन मीटिंगमध्ये पलीकडच्याला आपण ऐकू जात नाही. चिपवाला अडॅप्टर माइकही सांभाळतो, त्यामुळे दोन्ही कामं एका वायरीत होतात. संगणकाला जुनं चौकोनी यूएसबी असेल, तर सी-पिन बसेल असं छोटं टोपण तेवढं लागतं.

चौकट: दुकानात जाण्याआधी

• अडॅप्टर 'डॅक असलेला' आहे का, ते विचारा. नुसती वायर सगळ्या फोनांना चालत नाही. चिपवाला जवळजवळ सगळीकडे चालतो.
• शक्य असेल तर संगणकाला जोडून पाहा. आवाजाच्या उपकरणांत नाव दिसलं, म्हणजे आत चिप आहे.
• इयरफोन किंवा हलका हेडफोन असेल, तर हजाराच्या आसपासचा अडॅप्टर पुरतो. ३०० ओहमचा किंवा प्लेनार हेडफोन असेल, तरच जास्त दाबाचा घ्या.
• ताठ डबीपेक्षा मध्ये लवचीक वायर असलेला बरा. खिशात वाकताना झटका फोनच्या सॉकेटला बसत नाही.
• गाणी ऐकता ऐकता फोन चार्ज करायचा असेल, तर चार्जिंगचं वेगळं तोंड असलेला अडॅप्टर बघा.
• जोडल्यावर आधी आवाज कमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ठीक आहे, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास.

उरलेली खरखर

त्या रात्री रातकिडा गेल्यावर भाची पुन्हा ऐकायला बसली. थोड्या वेळाने एका कानावरचा हेडफोन बाजूला करून म्हणाली, "मामा, बारीक सूं सूं अजून येतेय. माउसला हात लावलेला नाही."

मी ऐकली. संथ, एकसारखी, पावसाच्या दूरच्या सरीसारखी. तालमीत गुरुजी "हं, पुन्हा" म्हणाले, ध्वनिमुद्रण तिथे संपलं आणि त्याबरोबर सूं सूंही थांबली. पुढच्या दोन सेकंदांत कानात काहीच नव्हतं. दुसरी तालीम सुरू झाली आणि पहिल्या सुराच्या आधी ती परत आली.

ती कॅसेटच्या फितीची होती. फितीवरच्या चुंबकीय कणांचा स्वतःचा आवाज, गुरुजींच्या आवाजाबरोबर त्याच दिवशी मुद्रित झालेला. आकड्यांच्या यादीत तोही लिहिलेला होता आणि दुभाष्याने तोही वाचून दाखवला. मधल्या त्या दोन सेकंदांत यादीत काही नव्हतं, म्हणून तोही गप्प बसला.

"मग ही घालवायला काय आणायचं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "ही तालमीतलीच आहे."

तिने हेडफोन नीट बसवला आणि डोळे मिटले.